जहाजे: निरंक

माझी नोकरी कायम झाली ती जहाजांमुळे. हे ऐकलं की मुंबईकडचे पाहुणे विचारतात, "अरे वा, कोणत्या बंदरावर होतात?" मग मला सांगावं लागतं की मी उभ्या जन्मात वऱ्हाडाबाहेर नोकरी केली नाही. अकोला आणि अमरावती यांच्या मधल्या पट्ट्यात एका कचेरीत होतो, आणि तिथून सगळ्यात जवळचा समुद्र आगगाडीने एक रात्र आणि वर थोडा दिवस इतका लांब. पाहुणे आधी माझ्याकडे बघतात, मग घड्याळाकडे. त्यांचा काय दोष? त्यांनी बडेबाबूंना पाहिलेलं नसतं.

कचेरी कोणती ते सांगत नाही. तिथली पेन्शन खाणारे दोघे जण अजून हयात आहेत, आणि त्यातला एक मी आहे.

बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. साहेब येत-जात. दर दोन वर्षांनी नवा साहेब यायचा, उन्हाळ्यात हवा खायला चिखलदऱ्याला जायचा आणि बरेचदा तिथूनच बदलून जायचा. कचेरी चालवायचे ते बडेबाबू. उंचीने बेताचे, आवाजाने मोठे, आणि अंगात बारा महिने काळा बंद गळ्याचा कोट. अकोल्याकडचा मे महिना ज्याने अंगावर घेतला आहे त्यालाच या कोटाची थोरवी कळेल. उजव्या कानावर लाल पेन्सिल, डाव्या कानावर निळी. लाल पेन्सिल 'नाही' लिहायला आणि निळी 'विचाराधीन' लिहायला. 'हो' लिहायला त्यांच्याकडे पेन्सिल नव्हती.

या माणसाला एकच वेड होतं. प्रत्येक गोष्ट सोपी करायची. "मी सोपं करून राहिलो," असं ते म्हणाले की कचेरीतले जुने कारकून दौतीत जादा शाई भरून ठेवायचे. पूर्वी आमच्याकडे रजा हवी असली तर माणूस साहेबांना "उद्या येत नाही" एवढं सांगून घरी जात असे. बडेबाबूंनी ते सोपं केलं. त्यांनी अकरा रकान्यांचा एक नमुना तयार केला. कोणी घरात माणूस वारल्याचं कारण दिलं, तर सातव्या रकान्यात लिहावं लागे: 'सदर व्यक्ती यापूर्वी कधी मयत झाली होती काय?' हा रकाना त्यांनी एका कारकुनासाठी घातला होता, ज्याची आजी तीन वर्षांत चारदा वारली होती. पण भरावा सगळ्यांना लागे. आमच्या एका भिडस्त सोबत्याची सख्खी आई गेली, तेव्हा त्याने तो नमुना रडत रडत भरला. रजा मंजूर होऊन आली तेव्हा आईची तेरवी उरकलेली होती.

घरीही तेच. त्यांची मुलगी अमरावतीला दिलेली होती. तिचं पत्र आलं की बडेबाबू त्यावर तारीख घालत, आवक नंबर टाकत आणि टोपलीत ठेवून देत. आधीची कामं संपली की मग ते उघडायचं. बडेबाबूंच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकू, टोपलीभोवती घिरट्या घालत राहायच्या. एकदा मी घरी गेलो असताना त्यांनी माझ्यादेखत विचारलं, "कावून हो, पोरीचं पत्र हाये ते, का खुनाचा खटला? वाचा ना पटकन!"

"नंबरानं येईल," बडेबाबू म्हणाले. "घरच्या पत्राले पुढं घेतलं त मग सरकारच्या पत्रानं काय पाप केलं?"

मुलीला मुलगा झाल्याचं त्या घराला सातव्या दिवशी कळलं.

त्यांचं एक वाक्य कचेरीत सगळ्यांना पाठ होतं: "माणूस बोलते अन् विसरते. कागद बोलत नाही, पण विसरतही नाही." हे वाक्य ते साहेबांपासून पाणक्यापर्यंत सगळ्यांना ऐकवत. आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. त्यात मी पहिला नंबर. तोंडाने नक्कल करायची आणि हाताने त्यांच्या नमुन्यांच्या साफ प्रती काढायच्या, हाच माझा धंदा होता. कारण मी तेव्हा बिनपगारी उमेदवार होतो. लग्न झालेलं, घरात दोन मुली, आणि चूल पेटायची ती सासऱ्यांच्या ज्वारीवर. अक्षर तेवढं माझं चांगलं होतं. दुसरं भांडवल नव्हतं.

अशात ते परिपत्रक आलं.

बंदरावर जहाज आलं किंवा बंदरातून सुटलं, की कप्तानाला बरेच कागद भरावे लागतात म्हणे. जकातवाल्यांना वेगळा, डॉक्टरला वेगळा, गोदीवाल्यांना वेगळा, पोलिसांना वेगळा. सगळ्यांत माहिती तीच. हे कागद सोपे कसे करावेत याबद्दल वरून सूचना मागवल्या होत्या. आता हे परिपत्रक मध्यप्रांत-वऱ्हाडात पाठवायचं काहीच कारण नव्हतं. पण पाठवणाऱ्याकडे सगळ्या कचेऱ्यांची एक यादी असते आणि त्याला यादी संपवायची असते. शेजारच्या कचेऱ्यांनी त्यावर 'निरंक' लिहून परत पाठवलं. निरंक म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. सरकारात काही सांगायचं नसलं तर गप्प बसून चालत नाही. काही नाही असं लिहून, सही करून पाठवावं लागतं.

आमच्याकडूनही निरंकच गेलं असतं. पण बडेबाबूंनी ते परिपत्रक तीन दिवस वाचलं. चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. डोळे चमकत होते.

"निरंक नाही पाठवाचं," ते म्हणाले.

"पण बडेबाबू, आपल्याकडे समुद्र कुठे आहे?"

"पूर्णाकाठच्या विहिरींचं पाणी प्यायला काय कधी? खारं असते का नाही? मग? समुद्र कधीकाळी अठीच होता. रजेवर गेला असंल." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "अन् आपल्या कापसाच्या गाठी कुठं जातात? बोटीत. ते बोट अडली कागदापायी, त गाठ कोणाची अडली? वऱ्हाडाची. मग बोट आपली नाही काय?"

आता एक कबूल केलं पाहिजे. समुद्र कधी न पाहिलेल्या या माणसाने जी सूचना काढली ती अस्सल होती. त्यांचं म्हणणं असं की जहाजाचं नाव, कप्तानाचं नाव, कुठून आलं, कुठे चाललं, हे चार जणांना चारदा कशाला सांगायचं? एकदाच एका कागदावर लिहावं आणि चौघांनी तोच कागद वाचावा. ही एवढी एक ओळ त्यांनी लिहून पाठवली असती, तर आज मी त्यांच्याबद्दल वेगळ्या सुरात लिहिलं असतं. पण एका ओळीवर थांबतील तर ते बडेबाबू कसले?

"अनुभवाबिगर सूचना म्हंजे मिठाबिगर वरण," ते म्हणाले. "आधी आपण चालवून पाहू. जहाज शोधा."

तेव्हा सगळ्या पटवाऱ्यांना विचारणा गेली. 'आपल्या हद्दीत जहाज, आगबोट, गलबत, होडी, डोंगा अथवा पाण्यावर तरंगणारे अन्य काही असल्यास कळवावे.' उत्तरं आली ती मी अजून विसरलो नाही. एकाने लिहिलं, 'गावी नदी नाही. नाला आहे, त्यात पाणी नाही. तरी शोध चालू आहे.' दुसऱ्याने लिहिलं, 'मागल्या पुरात वाहून आलेली एक लाकडी गव्हाण कोतवालाच्या ताब्यात आहे. पुढील हुकूम व्हावा.' तिसऱ्याने पाटलांची सात बदकं कळवली. आणि पूर्णाकाठच्या एका पटवाऱ्याने, देव त्याचं भलं करो, खरं ते लिहिलं: 'घाटावर गणपत भोई याचा एक डोंगा आहे. पावसाळ्यात लोकांना पैलपार करतो.'

बडेबाबूंनी त्या कागदावर दोन्ही पेन्सिली ठेवल्या आणि हात जोडले.

गणपत भोई म्हणजे काळासावळा, काटक, पन्नाशीचा माणूस. घर नदीच्या पैलतीरावर. पूर्णा पावसाळ्यात फुगली की अलीकडच्या गावाची वावरं पलीकडे राहायची. मग बायाबापड्यांना निंदणीला, मास्तरला शाळेत आणि आजाऱ्याला वैद्याकडे नेणारा हा एकटा माणूस. पूल सहा कोसांवर. पैसे कोणी देत नसे, सुगीत लोक त्याच्या घरी ज्वारी घालत. घाटावर डोंगा चालवायचा परवाना तेवढा आमच्या कचेरीतून दरसाल दिवाळीनंतर नवा करून घ्यावा लागे. तो कागद म्हणजे गणपतचं घरदार होतं. बडेबाबूंनी त्याला कचेरीत बोलावून सांगितलं, "यंदा प्रत्येक फेरीचा कागद भराचा. कागद पुरे असले त परवाना हातात. नसले त नाही."

"मले लिवता येत नाई जी," गणपत म्हणाला.

"तुह्यासाठी माणूस देतो."

तो माणूस म्हणजे मी. त्या कामावर मला पगारी केलं, चार महिन्यांपुरतं. काम नीट पार पडलं तर कायम करण्याची शिफारस होणार होती. अशा रीतीने मी पूर्णा नदीवरचा बंदर-अधिकारी झालो. एक झोपडी, एक टेबल, एक शिक्का, आणि नमुन्यांचे गठ्ठे. नमुना एकच, बडेबाबूंनी सोपा केलेला. सव्वीस रकाने, चार प्रती.

पहिल्याच दिवशी नौकेच्या नावाशी गाडं अडलं.

"डोंग्याले काय नाव राह्यते जी?" गणपत म्हणाला. "डोंगा म्हंते त्याले."

"काहीतरी सांग. रकाना मोकळा ठेवता येत नाही."

त्याने जरा विचार केला. "मंग चंद्री लिवा. आमची म्हैस हाये. तेबी दिवसभर पान्यातच राह्यते."

'नौका चंद्री' असं मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं. आधीचं बंदर: हे गाव. पुढचं बंदर: समोर दिसतं ते गाव. प्रवासास लागणारा वेळ: सुपारी फुटेपर्यंत. खलाशी: एक, आणि बांबू. 'नौकेवर उंदीर आहेत काय?' हा रकाना वाचून दाखवला तेव्हा गणपत पोट धरून हसला. "उंदीर काहून येतीन जी डोंग्यात? त्याईले का पलीकडं निंदाले जाचं हाये?"

आठ दिवसांत सगळी पंचक्रोशी घाटावर गंमत बघायला येऊ लागली. बाया खुरपी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. मी एकेकीला वय, गाव आणि संसर्गजन्य रोग विचारायचो. "काय बंदरसायेब, आज जहाज कवा सुटते?" असं विचारून टवाळ पोरं पळायची. चार बायांना पलीकडे जायला लागायची पाच मिनिटं आणि त्यांचे कागद करायला लागायचा अर्धा तास. निंदणीला उशीर होतो म्हणून दोघी-तिघींनी मला तोंडावर शिव्या दिल्या. त्या मी निमूट ऐकून घेतल्या, कारण शिव्यांना रकाना नव्हता.

आणखी एक पेच होता. सुटण्याचा कागद ज्या काठावरून सुटायचं त्या काठावर भरला पाहिजे. जाताना मी भरायचो. पण परत निघताना पैलतीरावर कोण भरणार? तिकडे बंदर-अधिकारी नव्हता. या गोष्टीचा विचार सव्वीस रकाने काढणाऱ्या माणसाने केला नव्हता. मग मी एक पळवाट काढली. रोज सकाळी काही कोरे कागद शिक्का मारून गणपतजवळ देऊन ठेवायचो. परतताना तो एक कागद बंडीच्या डाव्या खिशातून काढून उजव्या खिशात घालायचा. झालं सुटणं. बाकीचं मी संध्याकाळी भरायचो. दोन महिने सगळं सुरळीत चाललं.

मग बडेबाबू तपासणीला आले.

शिक्का मारलेले कोरे कागद त्यांना दिसले असते तर माझी शिफारस जागच्या जागी बुडाली असती. म्हणून त्या दिवशी सकाळीच मी ते गणपतकडून काढून घेतले आणि माझ्या ट्रंकेत टाकले. ही चूक माझी. तिच्यावर लाल पेन्सिल कोणी फिरवली नाही, पण चूक माझीच.

बडेबाबू कोट, टोपी, छत्री आणि फाईल यांसह डोंग्यात बसले. आयुष्यात पहिल्यांदा पाण्यावर बसत होते. डोंगा हलला तशी त्यांनी एका हाताने काठ धरला आणि दुसऱ्या हाताने फाईल. फाईलवरचा हात जास्त घट्ट होता. मी सोबत होतो. नमुन्यांचा गठ्ठा मात्र त्यांनीच मला झोपडीत ठेवायला लावला, कारण 'दफ्तर बंदराबाहेर जात नसते.'

पलीकडे उतरून त्यांनी घाट पाहिला, चिखल पाहिला, गणपतच्या म्हशीला पाहून "हे मूळ चंद्री काय?" असं विचारलं आणि टिपून घेतलं. तोवर उत्तरेला मेळघाटाच्या अंगाने आभाळ काळंभोर झालं. गणपत पाण्याकडे बघून घाईने म्हणाला, "सायेब, चाला आता. डोंगरात पानी पडून राह्यलं. घंटाभरात पूर येते."

बडेबाबूंनी एक पाय डोंग्यात ठेवला आणि थबकले.

"सुटण्याचा कागद?"

गणपतने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं.

"कागद पलीकडं राह्यले जी," गणपत म्हणाला. "तठी गेल्यावर भरू ना. पानी वाढून राह्यलं."

"कागद नाही त जहाज नाही," बडेबाबू म्हणाले, आणि पाय मागे घेतला.

तुम्हाला वाटेल की हा हटवादीपणा गणपतला छळायला होता. अजिबात नाही. स्वतःच्या जिवावर बेतलं तरी हा माणूस स्वतःचा नियम मोडत नव्हता. माझा त्यांच्यावर सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आहे. ढोंगी असते तर बरं झालं असतं, ढोंगी माणसाशी वेळेवर तडजोड तरी करता येते.

ते एका दगडावर बसले. फाईल उघडली. वर पाठवायच्या अहवालाचे कच्चे कागद पाठीमागून कोरे होते. त्यावर छत्रीची काठी ठेवून त्यांनी रेघा मारायला घेतल्या. सव्वीस रकाने. चार प्रती. मी म्हणालो, "बडेबाबू, एकच प्रत करू." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना खून करायला सांगत होतो. पाणी दगडाच्या पायथ्याशी आलं तेव्हा दुसरी प्रत चालू होती. तिसऱ्या प्रतीच्या उंदरांच्या रकान्यापाशी आम्ही दगड सोडून वर सरकलो. चौथ्या प्रतीत 'पोहोचण्याची अपेक्षित वेळ' लिहून त्यांनी सही केली आणि अभिमानाने मान वर केली. समोर पूर्णा नुसती माती झाली होती. बाभळीचं एक आख्खं झाड आमच्या डोळ्यांदेखत गिरक्या घेत गेलं. त्याच्याकडे मात्र कोणताच कागद नव्हता.

पूर उतरायला तीन दिवस लागले. आम्ही गणपतच्या घरी राहिलो. त्याच्या बायकोने आम्हाला ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी आणि ठेचा वाढला. बडेबाबूंनी कोट काढून खुंटीला टांगला. कोटाशिवाय ते कोणाच्याही काकांसारखे दिसत होते. तिकडे काकू कचेरीत जाऊन विचारत होत्या की आमचे हे कुठे आहेत. कोणीतरी सांगितलं, पूर्णेपलीकडे अडकलेत. त्यावर काकू म्हणाल्या म्हणे, "तसं लिहून द्या. तोंडी सांगितलेलं त्याईलेच चालत नाही."

तिसऱ्या दिवशी निघताना बडेबाबू गणपतला म्हणाले, "तुह्या घरचं अन्न खाल्लं. तुह्या परवान्याले कोणी हात लावणार नाही. माहा शब्द हाये."

गणपतने हात जोडले. "शब्द नोको सायेब. कागद द्या. तुमीच म्हनता ना, मानूस इसरते म्हनून."

बडेबाबू एवढे खूश झाले की त्यांनी त्याची पाठ थोपटली. असा शिष्य त्यांना कचेरीत कधी मिळाला नव्हता. "कागद वरून येईल," ते म्हणाले.

पुढे अहवालाची साफ प्रत मी काढली. अहवाल उत्तम होता. एकच कागद, एकदाच माहिती, चौघांनी वाचावी. गणपतची वाहवा होती. दोन महिन्यांच्या सगळ्या फेऱ्यांचे कागद पुरे होते. शेवटी एक रकाना होता: 'आढळलेल्या त्रुटी.' कच्च्या प्रतीत बडेबाबूंनी तिथे लिहिलं होतं, 'तपासणीच्या दिवशी परतीच्या वेळी विहित नमुना नौकेवर आढळला नाही.'

मी लेखणी थांबवली. "बडेबाबू, या रकान्यात निरंक लिहू का?"

"काहून? त्रुटी होती ना?"

"होती. पण गणपतचा परवाना..."

"खोटं निरंक लिहाचं नसते," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मुलाला पाढा चुकल्यावर सांगावं तसं सांगितलं.

कागद माझ्या ट्रंकेत होते, हे त्या क्षणी सांगता आलं असतं. गुपचूप 'निरंक' लिहिता आलं असतं. सही झाल्यावर कोण पुन्हा वाचतो? पण अहवालाच्या शेवटच्या पानावर माझ्या कायमीची शिफारस होती. मी ती ओळ लिहिली, वळणदार अक्षरात लिहिली. शाईही कुठे फुटली नाही.

दिवाळी झाली. परवान्याचे दिवस आले म्हणून गणपत कचेरीच्या ओट्यावर येऊन बसला होता. त्याच दिवशी टपालात वरचा हुकूम आला. मी आधी शेवटची ओळ वाचली. 'या कामी एक कारकून कायम करण्यास मंजुरी आहे.' मी चपराशाला पेढे आणायला पिटाळलं. पहिला पेढा ओट्यावर बसलेल्या गणपतला दिला. त्याने तो कपाळाला लावून तोंडात टाकला, तोंडभर हसला आणि म्हणाला, "देव पावला जी तुमाले. माह्या परवान्याचाबी कागद आला का?"

मग मी हुकूम वरून वाचला. 'सदर नौकेवर विहित नमुना आढळून न आल्याने तिचा परवाना नवा करू नये. यापुढे आपल्या हद्दीतील जहाजांची आवक-जावक दर आठवड्यास कळवावी. नसल्यास निरंक कळवावे.' कागद सोपे करा म्हणून सांगणाऱ्या अहवालातून वरच्या माणसाने फक्त त्रुटींचा रकाना वाचला होता. गणपतच्या मिशीला पेढ्याचा कण तसाच लागलेला होता.

बडेबाबूंनी हुकूम दोनदा वाचला. कानावरच्या दोन्ही पेन्सिली काढून टेबलावर ठेवल्या. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी फाडेल. ते म्हणाले, "अपील करू." आणि अपिलाचा नमुना ठीक नाही म्हणून आधी तो सोपा करायला घेतला. निवृत्त होईपर्यंत दरसाल त्यांनी अपील केलं. दरसाल पोच आली. त्या पोचा त्यांनी नंबराने लावून ठेवल्या होत्या.

गणपतला त्यांनी कचेरीत पाणक्या म्हणून लावून घेतलं. "पाण्यातला माणूस, पाण्यावरच ठेवला," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला समाधानाने सांगत. गणपत रांजण भरायचा आणि टपाल पोस्टात न्यायचा. पूर्णेकाठच्या बाया पावसाळ्यात सहा कोसांवरच्या पुलाचा वळसा घालू लागल्या. डोंगा दोन उन्हाळे काठावर तडकत पडला, मग त्याच्या फळ्या चंद्रीच्या गव्हाणीला लागल्या. आणि मी दर शनिवारी लिहीत गेलो: 'आवक जहाजे: निरंक. जावक जहाजे: निरंक.' बडेबाबूंनी जन्मभर केलेल्या कामांपैकी खरोखर सोपं झालेलं एवढं एकच. सव्वीस रकान्यांच्या जागी दोन ओळी राहिल्या, आणि त्यावर मी दोन मुलींची लग्नं केली.

बडेबाबू गेले तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो होतो. काकूंनी मला ती टोपली दाखवली. मुलीचं एक पत्र तिच्यात तसंच होतं, नंबर टाकलेलं, न उघडलेलं. मला रडू आलं, आणि ते त्यांच्यासाठी होतं की नाही हे मी अजून ठरवू शकलो नाही.

गणपतला त्या रकान्याची गोष्ट मी कधी सांगितली नाही. त्याला वाचता येत नव्हतं, पण इतक्या वर्षांत 'निरंक' या अक्षरांचा आकार तो ओळखू लागला होता. एका शनिवारी मी पाकीट बंद करत होतो, बाहेर श्रावणाची झड लागली होती, तो खांबाला टेकून उभा होता.

"सायेब," तो म्हणाला, "एक खेप लिवा ना का एक जहाज आलं म्हनून. चंद्री. लोकं घेऊन आलं, लोकं घेऊन गेलं. तुमचं अक्षर चांगलं हाये, कोनी काई म्हननार नाई."

"खोटं लिहायचं नसतं, गणपत," मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला. मग त्याने माझ्या हातातून पाकीट घेतलं, बंडीच्या डाव्या खिशात घातलं आणि भिजत पोस्टाकडे निघाला.